रिकामा डबा आणि माझा गुडघा

आमची सूनबाई दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवते. सांगताना माझीच मान खाली जाते, पण सांगते. बाकी पोरगी वाईट नाही. उलट बोलत नाही, उशिरा उठत नाही, आणि माझ्या मुलावर माझ्यापेक्षा जास्त ओरडते, त्यामुळे माझा घसा वाचतो. पण ज्या घरातून आपल्याला गरम भाजी आली, त्या घरी नुसतं भांडं नेऊन टेकवायचं, ही अक्कल तिने कुठून आणली देव जाणे. माझ्या घरातून तरी नाही आणली.

तुम्ही म्हणाल, डबाच तो. तर नुसता डबा नाही तो. या परक्या मुलखात आम्ही जी काही आपली माणसं आहोत, ती डब्यांनीच एकमेकांना धरून आहोत. इथे अडीनडीला मावशी धावून येत नाही. शेजारीण भेटते ती लिफ्टमध्ये, आणि तिथे ती आपल्याकडे न बघता आकड्यांकडे बघते. म्हणून फार पूर्वी, हे कारखान्यात फिटर होते तेव्हा, आम्ही चौघी बायकांनी एक पद्धत पाडली. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, कुणी नव्याने बॅगा घेऊन उतरलं, की त्या घरी रोज एकीचा डबा. आणि तो डबा परत जाताना भरलेला. काठोकाठ नको, पण झाकण उघडल्यावर घरच्यांचे चेहरे खुलले पाहिजेत.

पद्धत चौघींची असली तरी तिला वळण लावलं मी. एकदा एकीने एवढ्या थोरल्या डब्यात चमचाभर साखर घालून पाठवली. मी भर बायकांत विचारलं, "मुंग्यांना आमंत्रण का गं?" त्यानंतर कुणाची साखर पाठवायची छाती झाली नाही.

तर यंदा माझा उजवा गुडघा बदलला. आत लोखंड घातलंय. सून म्हणते लोखंड नाही, दुसरा धातू आहे. असेल. हे आज असते तर डॉक्टरकडे आधी नटबोल्ट बघायला मागितले असते. मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून डबे सुरू झाले. वरण, भात, पालेभाजी, मऊ पोळ्या. ज्यांच्या आजारपणात मी वर्षानुवर्षं पाठवलं, त्यांनी हात राखला नाही, खोटं कशाला बोलू. आम्ही जेवायचो आणि धुतलेले डबे ओट्यावर एकावर एक रचून ठेवायचो. मी पलंगावरून त्यांच्याकडे बघायची, आणि ते माझ्याकडे.

आता हे भरणार कोण? मुलगा सकाळीच वर्कशॉपला जातो. त्याला पाणी उकळायला सांगितलं तर भांडं विचारतो. सून गल्लीच्या तोंडाशी औषधांच्या दुकानात कामाला. पांढरा कोट घालून लोकांना गोळ्यांच्या वेळा समजावते. संध्याकाळी येते ती पाय ओढत. तिला मी कसं सांगू? सांगितलंही नाही. मी आपली दोघं गेली की वॉकर धरून उठायची, ओट्याशी जायची, आणि जी डबा घेऊन येईल तिच्याच हाती तिचा आदला डबा भरून द्यायची.

डॉक्टरांनी हे नको म्हणून सांगितलं होतं. गुडघ्यासाठी घरी एक व्यायामवाली येते, उंच, हसरी, हात मात्र पैलवानाचे. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. सुनेने तिला आपला एकच शब्द शिकवला, "वाकवा." ती आली की दारातूनच सुरू, "वाकवा, वाकवा!" थोडं चाला, पाय वर ठेवा, बर्फ लावा, आणि ओट्याशी उभं राहू नका, हे तिने चित्रं काढून सांगितलं. चित्रातली बाई माझ्यापेक्षा बारीक होती, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पण पुढचं डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र ऐकलं. गुडघा खुर्चीत बसण्याएवढा वाकला नाही, तर पुन्हा भूल द्यायची आणि झोपेत तो दाबून वाकवायचा. आणि तरीही वाकला नाही, तर जिना विसरा.

जिना विसरून माझं चालणार नव्हतं. महिन्यातून एकदा आमचं सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, तो हॉल दुकानांच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिथे वाढायच्या टेबलाशेजारी माझी खुर्ची असते. कुणाच्या ताटात कोण किती वाढतं, कुणाची भाजी संपली, कुणाची तशीच राहिली, सगळं तिथून दिसतं. मुलगा म्हणाला, "आई, आम्ही चौघं मिळून तुला खुर्चीसकट वर नेऊ." मी म्हटलं, "मी सोफा आहे का रे?"

तर एकीकडे गुडघा, एकीकडे डबे. मी दोन्ही सांभाळत होते. पण बेसनाचे लाडू करायचे म्हणजे उभं राहावंच लागतं. बसून भाजलेलं बेसन कच्चं राहतं, आणि कच्च्या बेसनाचा लाडू टाळूला चिकटला की खाणारा करणारीला नावं ठेवतो. मी खिडकी उघडायची, पंखा लावायची, भांडी घासून जागच्या जागी ठेवायची. वास मात्र माझं ऐकत नसे.

एका संध्याकाळी सून आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि तळहात विजेच्या शेगडीवर ठेवला.

"आई, ही गरम कशी?"

"उन्हाने."

"ऊन त्या खोलीत येतं."

"मग इकडेही आलं असेल. त्याला काय दार लागतं?"

तिने माझा झगा गुडघ्यापर्यंत वर केला. गुडघा टरबुजासारखा झाला होता. तिने बर्फ आणला, पायाखाली दोन उशा घातल्या, आणि ओट्यावर उरलेले सगळे रिकामे डबे पिशवीत भरायला लागली.

"ते कुठे चाललेत?"

"उद्या कामावर जाता जाता ज्यांचे त्यांना देते."

"काय घालून?"

"धुऊन."

मला वाटलं रागात बोलतेय, सकाळी विसरेल. विसरली नाही. दुपारी रेडिओचा फोन आला. रेडिओ म्हणजे टॅक्सीवाल्याची बायको. घरी पाच-सहा मुलं सांभाळते, आणि त्यांच्या आया न्यायला-सोडायला येतात तेवढ्यात सगळ्या वस्तीची बातमी गोळा करते.

"काकू, सगळं ठीक ना?"

"ठीक नसायला काय झालं?"

"नाही, डबा मिळाला. म्हणजे आत काही नव्हतं. दोन थेंब पाणी होतं, बस. म्हटलं तुमच्याकडून असं कधी होत नाही, तब्येत फारच बिघडली की काय."

मी म्हटलं, "घाईत राहिलं असेल," आणि फोन ठेवला. तोंडात चव राहिली नाही. संध्याकाळी सुनेशी बोलणं बंद केलं. जे काय बोलायचं ते मुलाच्या तोंडून.

"तिला विचार, माझं नाक कापून काय मिळवलंस?"

"आई, ती इथेच उभी आहे."

"मग तिला म्हणावं, ऐकलं असशील तर उत्तर दे."

सून म्हणाली, "अहो, आईंना सांगा, नाक आहे तिथेच आहे. मी गुडघ्याचं बघतेय."

मुलगा बिचारा मान इकडून तिकडे वळवून दमला आणि आंघोळीला गेला. संध्याकाळची आंघोळ तो कधी करत नाही.

डबे येत राहिले. ती धुऊन नेत राहिली. आठवडाभर मी तोंड शिवून ठेवलं आणि मनात एक बेत केला. रविवारी दुपारी बायका मला बघायला येणार होत्या. सून त्या दिवशी दुकानात, मुलगा बाजारात. शनिवारी रात्रीच मी ठरवलं, की रविवारी सकाळी लाडू वळायचे आणि प्रत्येकीच्या हातात स्वतः ठेवायचे. म्हणजे सगळ्यांना कळेल, रिकाम्या हातांचं घर हे नाही.

रविवारी दोघं बाहेर पडली आणि मी उठले. बेसनाची बरणी सुनेने वरच्या फळीवर ढकलली होती. तिला मी ओळखते तशी तीही मला ओळखते. वॉकर ओट्याला टेकवला, डाव्या पायावर भार दिला, हात लांब केला. बरणी बोटाला लागली आणि वॉकर सरकला. मी आपटले असं नाही म्हणणार. ओट्याची कड धरून हळूहळू खाली गेले आणि फरशीवर बसले, पाय पुढे लांब करून. पण बसले ती बसलेच. गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. उठायचं म्हटलं तर गुडघा वाकत नाही, आणि वाकल्याशिवाय माणूस उठत नाही. फोन पलंगावर. बरणी वरच.

पहिल्यांदा भीती वाटली. लोखंड हललं असेल तर? पुन्हा तो मोठा दिवा, ती भूल, आणि जिना कायमचा गेला.

तेवढ्यात बेल वाजली. मी ओरडले, "कोण आहे?" आमच्या दाराला खाली पत्रं टाकायची फट आहे. फटीचं झाकण वर झालं आणि आत दोन डोळे दिसले.

"काकू! मी. डबा घेऊन आले, जरा लवकरच. अगंबाई! मला तुमचा पाय दिसतोय!"

रेडिओच. माझं नशीब बघा. सगळ्या गावातून हीच यायची होती.

"पडलात का?"

"बसलेय."

"फरशीवर?"

"मग काय छतावर? किल्ली सुनेकडे आहे, तिला फोन लाव. आणि तिलाच लाव, दुसऱ्या कुणाला नको!"

तिने फोन लावला. मग पुन्हा फटीशी येऊन बसली. तिच्या बांगड्या दारावर वाजत होत्या.

"येतेय ती. पळतच निघाली. काकू, काय करत होतात तुम्ही?"

"लाडू."

"कशाला?"

"डब्यांत घालायला. सुनेने तोंड दाखवायला जागा ठेवली नाही ना."

रेडिओ गप्प झाली. ही गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं गेली.

"आहेस का गं?"

"आहे. काकू, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"मी आत फरशीवर, तू बाहेर जिन्यात. रागावून करणार काय? बोल."

"तुमचा डबा रिकामा आला ना, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, सुटले बाई एकदाची!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या घरून रिकामा येऊ शकतो, तर आमच्याही येऊ शकतो! ह्यांच्या तापात नर्सबाईंचा डबा आला होता, तो मी दुसऱ्या दिवशी नुसता धुऊन परत केला. त्यांनी फोन करून आभार मानले माझे. रिकाम्या डब्याचे! म्हणाल्या, आता मी पण सुटले, ड्यूटीवरून येऊन चिवडा भरत बसायचं नाही. तसंही, काकू, सांगू नका कुणाला, त्यांचा चिवडा दुकानातला असायचा."

"ते मला ठाऊक होतं. एवढं मीठ घरचा माणूस घालत नाही."

"आणि माझ्या त्या वड्या आठवतात? हात प्लास्टरमध्ये होता तेव्हाच्या?"

आठवत होत्या. एक वडी लांबट, एक तिकोनी, एक तर नदीच्या काठासारखी. मी तेव्हा विचारलं होतं, वड्या कापल्यास की फोडल्यास?

"त्या मी डाव्या हाताने थापल्या. डाव्याच हाताने कापल्या. तुमचे डबे आले, तेवढे दिवस घरात आयतं गरम खाल्लं, फार बरं वाटलं. पण डबा आला की आधी हेच मनात यायचं, की आता ह्यात घालू काय?"

"मग तेव्हाच सांगायचं ना मला!"

"तुम्हाला?" रेडिओ म्हणाली, आणि फटीतून जे हसू आलं त्यावर मी काही बोलले नाही. गुडघा दुखत होता, म्हणून.

किल्ली वाजली. सून आत आली ती पांढऱ्या कोटात, घरातल्या सपाता पायांत. दुकानातही ती त्याच घालते हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं आता सगळं बाहेर काढणार. तिने गुडघ्यावर हात फिरवला, बोटं हलवायला सांगितली, पायाची नखं दाबून बघितली. रेडिओने एका बाजूने धरलं, हिने दुसऱ्या. मला उचलताना रेडिओ म्हणाली, "काकू, तुम्ही सोफ्यापेक्षा जड आहात." सोफ्याची गोष्ट हिच्यापर्यंत पोचली होती, अर्थात.

दवाखान्यात फोटो काढला. त्याची वाट बघत आम्ही लांब बाकावर बसलो. सून उठून भिंतीवरचा लशींचा कागद वाचायला लागली. एवढासा कागद. औषधांच्या दुकानातली बाई, तिला पाठ असणार तो. तरी वाचतेय, वाचतेय. मग मला दिसलं, ती कोटाच्या बाहीने नाक पुसत होती.

मी म्हटलं, "इकडे ये. हललं असेल तर माझं लोखंड हललं असेल, तू का रडतेस?"

ती येऊन बसली. म्हणाली, "माहेरी आमच्याकडे सतत माणसं असायची. आई ओट्याशी उभी. गुडघे दुखायला लागले तरी उभी. आता तिला जिना उतरता येत नाही, वरच्या खोलीतच असते. मी फोन केला की म्हणते, मी मजेत आहे. मी एवढ्या लांबून तिच्यासाठी काय करू शकते, आई? एक डबासुद्धा पोचवू शकत नाही." आणि मग एकदम, "तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आहात. तुमचा गुडघा मी जाऊ देणार नाही. तुम्ही बोला नाहीतर नका बोलू."

मी म्हटलं, "घरी गेल्यावर चहा टाक. आलं घालून." आठवड्याने मी तिच्याशी स्वतःच्या तोंडाने बोलत होते, ते तिच्या लक्षात आलं. चहाला आलं जरा जास्तच पडलं होतं. मी कप रिकामा केला.

लोखंड हललं नव्हतं. पण सूज भरपूर, आणि गुडघा वाकायचं नाव घेत नव्हता. डॉक्टरांनी सुनेला काहीतरी लांबलचक सांगितलं. तिने मला थोडक्यात सांगितलं, "एक संधी आहे. पुढचे दिवस बसून काढायचे."

बसून काढले. पाय उशीवर, बर्फाची पिशवी, आणि सकाळ-संध्याकाळ वाकवणं. व्यायामवाली यायची नाही त्या दिवशी सून वाकवायची, आणि तिच्या हातांना पैलवानाचा गुण लागला. मी ओरडायची. ती म्हणायची, "ओरडा, पण वाकवा." डबे येत होते, धुऊन जात होते. मी बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची. एक दिवस भाजी चिरायला मागितली, तर तिने पलंगावरच ताट आणि सुरी आणून दिली. मी बारीक चिरून दिली. तेवढंच माझं काम.

तपासणीला डॉक्टरांनी गुडघा वाकवला, अजून वाकवला, आणि मान हलवली. पुन्हा भूल नको म्हणाले. सुनेने मला मिठीच मारली, डॉक्टरांसमोर. मी म्हटलं, "सोड, लोक बघतायत." सोडली नाही.

मग आलं महिन्याचं जेवण. मुलगा खाली उभा होता, खुर्चीला दोर बांधायच्या तयारीत. मी त्याला बाजूला सारलं. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने काठी, मागे सून. तिच्या खांद्याला त्या आठवड्याच्या डब्यांची पिशवी, पायरीगणिक खणखण वाजणारी. मागून तिचं चालू, "वाकवा, वाकवा."

"वाकवतेय! जिना सगळा ऐकतोय!"

वर पोचले तेव्हा घाम आला होता, पण माझ्या पायांनी पोचले होते. वाढायच्या टेबलाशेजारी माझी खुर्ची तशीच होती. मी बसले, आणि गुडघा खुर्चीत बसण्याएवढा नीट वाकला. मी सगळ्यांना दिसेल असा वाकवला.

सुनेने टेबलावर डबे मांडले, ज्यांचे त्यांनी न्यावेत म्हणून. हॉलमधल्या गप्पा बंद पडल्या. रेडिओ, नर्सबाई, सगळ्या आधी डब्यांकडे बघायला लागल्या आणि मग माझ्याकडे. डबे रिकामे आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. सुनेची मान ताठ होती, पण पदराचं टोक बोटांत पिळत होती.

मी हात लांब करून वरचा डबा उचलला. रेडिओचा होता. झाकण उघडलं, नाकाशी नेला, आत बोट फिरवलं आणि ते बोट सुनेसमोर धरलं.

"सूनबाई, इकडे बघ. रिकामा डबा परत केलास, ते मला पटलंय. एकदाच सांगतेय, पुन्हा वदवून घेऊ नकोस. आजपासून आजाऱ्याच्या आणि बाळंतिणीच्या घरून डबा रिकामाच येईल, आणि जी भरून पाठवेल तिची गाठ माझ्याशी आहे. पण ओला डबा झाकण दाबून देतात का गं कुणाला? वास बसलाय बघ त्याला! माझ्या घरात राहून एवढंही शिकली नाहीस. पुढच्या वेळी कोरडा पुसायचा, रात्रभर उघडा ठेवायचा, आणि मग द्यायचा. रिकामा असला तरी आमच्या घरचा दिसला पाहिजे."